मिक्सर अडला तर…

घरात पाहुणे आलेले, वाटण अर्धवट झालेले आणि मिक्सर थांबतो. मग कोणी भांड्यावर थापट मारतो, कोणी बटण पुन्हा पुन्हा फिरवतो. शेवटी बाजाराच्या दिवशी मिक्सर पिशवीत घालून तालुक्याला नेला जातो. तेथे कारागीर सांगेल तो बिघाड आणि मागेल ते पैसे! गृहिणींना थोडी माहिती असेल, तर हा हेलपाटा पुष्कळदा वाचतो.

आपले वाटण यंत्राला जड असते. सुके खोबरे, भाजलेला मसाला, भिजवलेली डाळ यांपुढे परदेशी यंत्रेही टिकली नाहीत. मुंबईच्या माधुरी माथुर यांच्या जर्मन मिक्सरची मोटर जळाली व येथे दुरुस्तीची सोय नव्हती. तेव्हा त्यांचे इंजिनिअर पती सत्यप्रकाश माथुर यांनी दणकट मोटर तयार केली. त्यातूनच पुढे ‘सुमीत’ मिक्सर घरोघर गेला.

बंद पडलेल्या मिक्सरला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. नंतर मिक्सर उलटा करून पाहावा. पुष्कळ मिक्सरांना तळाशी लहानसे लाल बटण असते. भार जास्त झाला की ते आपोआप सुटते आणि मोटर वाचते. वीसेक मिनिटे मिक्सर गार होऊ द्यावा, भांड्यातील वाटण कमी करावे आणि बटण दाबावे. बटण वारंवार सुटू लागले, तर मात्र ते दाबत राहू नये. आत बिघाड आहे असे समजावे.

मोटर नुसती घूं घूं करते, पण पाते फिरत नाही, असे झाले तर दुसरे भांडे लावून पाहावे. ते चालले तर दोष पहिल्या भांड्यात आहे. मोटर जोरात फिरते, पण पाते जागच्या जागी राहते, तेव्हा खालच्या कपलरचे दात झिजलेले असतात. मोठ्या ठिणग्या पडत असतील किंवा मिक्सर मध्येच थांबून पुन्हा चालू होत असेल, तर बहुधा मोटरचे कार्बन झिजलेले असतात. ते जोडीनेच बदलावेत. ही कामे किरकोळ खर्चाची आहेत. जळका वास येऊन मिक्सर थांबला, तर मात्र वाइंडिंग जळाल्याची शक्यता असते. तेव्हा दुरुस्तीचा खर्च आधी विचारावा व नव्या मिक्सरच्या किमतीशी ताडून पाहावा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते भांड्याखालच्या ओलीकडे. पात्याचे बुश झिजले की पाणी खाली झिरपते आणि मोटरमध्ये उतरते. मोटर तर जळतेच, शिवाय विजेचा धक्का बसण्याचीही भीती असते. म्हणून तीन पिनांचाच प्लग वापरावा आणि घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. मिक्सरला हात लागताच झिणझिण्या आल्या, तर प्लग काढून तो दुरुस्तीलाच द्यावा. ‘चालतोय तोवर चालू दे’ हा विचार जिवावर बेतू शकतो.

संध्याकाळी विजेचा दाब उतरतो व पंखा मंद फिरतो, त्या वेळी जड वाटण टाळावे. मोटर मंद फिरली की तिला गार ठेवणारा आतला पंखाही मंद फिरतो आणि मोटर तापते.

दुरुस्तीला देताना वॉरंटीचे कार्ड व खरेदीची पावती सोबत न्यावी. वॉरंटी शिल्लक असेल, तर मिक्सर बाहेर उघडू देऊ नये. एरवी खर्च आधी ठरवावा, बदललेला जुना भाग परत मागावा आणि पावती घ्यावी. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे फी लागत नाही.

विहिरीवरच्या मोटरचा आवाज बदलला, की शेतकरी रात्रीही उठून पाहतो. स्वयंपाकघरातल्या मोटरकडेही तितकेच लक्ष हवे. भांड्याखाली ओल दिसली, की त्याच आठवड्यात बुश बदलून घ्यावे.