स्वस्तातली मोटार आणि त्रिकोणी दट्ट्या

इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मध्यंतरी विचारले, "सर, माझदा आरएक्स-८ ही जपानी स्पोर्ट्स कार वापरलेली मिळते आहे. २००६ सालची, २३१ अश्वशक्तीची, फक्त १८०० पौंडांना! घेऊ का?"

मी स्वतः स्कूटरच्या पुढे गेलेलो नाही. तेव्हा 'मला काय विचारतोस?' असेच लिहिणार होतो. पण गाडीचे नाव पुन्हा वाचले आणि थांबलो. या गाडीचे इंजिन इतर मोटारींसारखे नाही आणि तिचा खर्च किती येईल, हे त्या इंजिनाच्या आकारातच दडलेले आहे.

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये वर-खाली होतो आणि दांड्यांच्या साहाय्याने त्या हालचालीचे चक्रगतीत रूपांतर करावे लागते. ही धडपड टाळून दट्ट्याच गोल फिरवला तर? जर्मनीतील फेलिक्स वांकेल यांच्या डोक्यात ही कल्पना होती. एनएसयू या कंपनीत १९५७ साली तसे पहिले इंजिन फिरले. त्याच्या सुधारलेल्या रूपात कमरेशी किंचित चिमटलेल्या लंबगोल डब्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर, फिरतो. त्रिकोणाची तिन्ही टोके डब्याच्या भिंतीला सतत टेकलेली असतात, त्यामुळे आत तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरताना प्रत्येक कप्पा लहान-मोठा होतो आणि त्यातच मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे व धूर बाहेर टाकणे ही चारही कामे उरकतात. झडपा नाहीत, दट्ट्याचे दांडे नाहीत. रोटरच्या एका फेऱ्यात मुख्य दंडाचे तीन फेरे होतात.

आरएक्स-८ मध्ये असे दोन रोटर आहेत. रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर १०५ मिलिमीटर, मध्याचे सरकणे १५ मिलिमीटर आणि रोटरची जाडी ८० मिलिमीटर. एका कप्प्याचे आकारमान या तिन्हींचा गुणाकार गुणिले ३√३ इतके बदलते. वहीत करून पाहा, सुमारे ६५४ घनसेंटिमीटर येतील. दोन रोटरचे १३०८. म्हणून हे '१.३ लिटरचे इंजिन' म्हटले जाते. पण यात एक गोम आहे. दट्ट्याचे चार टप्प्यांचे इंजिन मुख्य दंडाच्या दोन फेऱ्यांत एकदाच आपले पूर्ण आकारमान आत ओढते. रोटरी इंजिन ते दर फेऱ्याला ओढते! म्हणजे खरी तुलना २.६ लिटरच्या इंजिनाशी करायला हवी. १.३ हा आकडा वाचून पेट्रोलचा अंदाज बांधणारा गिऱ्हाईक इथेच पहिल्यांदा फसतो.

आता पेट्रोल जास्त का लागते ते पाहू. घाईच्या वेळी आपण चहा बशीत ओततो. चहा तेवढाच असतो, पण पसरल्यामुळे लवकर निवतो. ४ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे आकारमान ६४ घनसेंटिमीटर आणि पृष्ठफळ ९६ चौरस सेंटिमीटर असते. तेवढ्याच आकारमानाची १६×४×१ अशी वडी घेतली, तर पृष्ठफळ १६८ होते. रोटरी इंजिनाचा ज्वलनकक्ष या वडीसारखा लांबट व चपटा असतो, आणि तोही सरकता. जळत्या वायूची उष्णता दंडाला ढकलण्याऐवजी भिंतीत जिरते. थंड भिंतीलगतचे थोडे मिश्रण तर जळतच नाही. एका रोटरला दोन-दोन स्पार्क प्लग द्यावे लागले ते एवढ्यासाठीच.

कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ही गाडी लिटरला पावणेनऊ किलोमीटर जाते. प्रत्यक्षात सातच धरावेत. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरल्यास सुमारे १७१४ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या साध्या इंजिनाच्या स्पोर्ट्स कारला १००० लिटर पुरतील. पेट्रोल लिटरला १.४० पौंड धरले, तर फरक १००० पौंडांचा पडतो. गाडीची सगळी किंमत दोन वर्षांच्या आतच या फरकात निघून जाते!

पण माझी खरी काळजी पेट्रोलची नव्हती. त्रिकोणाच्या टोकांवर बसवलेल्या धातूच्या अरुंद पट्ट्यांची, म्हणजे सीलांची होती. मुख्य दंड मिनिटाला ९००० फेरे घेतो तेव्हा रोटर ३०००, म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेतो. सील सरासरी ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने भिंतीवर घासत असते. हिरोशिमातील या कंपनीने १९६१ मध्ये एनएसयूशी करार केला, तेव्हा सुरुवातीच्या इंजिनांच्या भिंतींवर आडव्या खरवडी उठत. अभियंते त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. सील आपल्या नैसर्गिक वारंवारतेने थरथरत होते. म्हणजे अनुनादाचाच प्रकार! केनिची यामामोतो यांच्या चमूने सीलांचे आकार व पदार्थ बदलत तो आटोक्यात आणला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आली. याच घराण्यातल्या चार रोटरच्या ७८७बी गाडीने १९९१ ची ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. तरीही सील घासणार ते घासणारच. म्हणून इंजिन मुद्दामच थोडे तेल आत सोडून जाळते. दीड-दोन हजार किलोमीटरला साधारण लिटरभर. हा बिघाड नव्हे. मात्र ज्या मालकाने तेल तपासलेच नाही, त्याच्या गाडीपासून दूर राहावे. झिजलेले इंजिन उघडून नव्याने बांधायचे, तर तीन हजार पौंडांच्या पुढे जावे लागते.

मी त्याला कळवले, "गाडी वीस मिनिटे चालव, बंद कर, पाच मिनिटे थांब आणि पुन्हा सुरू कर." यामागचे कारण सोपे आहे. गळक्या बादलीतून पाणी भरताना धावत गेलो तर बरेचसे पाणी घरी पोचते, रमतगमत गेलो तर नाही. इंजिन वेगाने फिरते तेव्हा दाबलेल्या वायूला निसटायला वेळच मिळत नाही, त्यामुळे झिजलेले इंजिनही रस्त्यावर ऐटीत धावते. सुरू करताना मात्र ते मिनिटाला अडीचशेच्या आसपास फेरे घेते, आणि तापल्यामुळे तेलही पातळ झालेले असते. गळती उघडी पडते ती तेव्हा.

दुसरे म्हणजे, ब्रिटनमध्ये तीन वर्षांपुढच्या मोटारींची दरवर्षी तपासणी होते आणि तिच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. त्यातील अंतराचे आकडे वर्षावर्षाला वजा करून पाहायला सांगितले. कमी चाललेली गाडी चांगली, असे आपण मानतो. या इंजिनाचे तसे नाही. थंड इंजिन सुरू करून कोपऱ्यावर जायचे आणि बंद करायचे, असे झाले की जादा पेट्रोल सीलांवरचे तेल धुऊन टाकते. शिवाय तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून मागच्या चाकांजवळचा गंजही पाहावा.

नोंदणीची तारीखही महत्त्वाची. किलोमीटरला २२५ ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाड्यांपैकी २३ मार्च २००६ पूर्वी नोंदलेल्यांना तिथल्या रस्ता-करात सवलतीचा गट आहे. त्यानंतरची ही गाडी सर्वांत महागड्या गटात जाते. ही गाडी फेब्रुवारीतली निघाली. तेवढे नशीब.

गरम इंजिन सुरू झाले, पण बराच वेळ कुरकुरून. मग त्याने एका कारखान्यात दाब मोजून घेतला. साधा दाबमापक इथे चालत नाही. तिन्ही कप्प्यांचे दाब वेगवेगळे नोंदणारे उपकरण लागते. २५० फेऱ्यांना किमान ६८० किलोपास्कल दाब हवा. पहिल्या रोटरचे आकडे आले ७६०, ७४०, ७५० आणि दुसऱ्याचे ७५०, ५९०, ६००.

तुम्हीच सांगा, बिघाड कुठे असेल? प्रत्येक टोकाचे सील दोन शेजारच्या कप्प्यांमधली भिंत असते. एका कप्प्याचा दाब उतरला असता तर बाजूच्या सीलांवर संशय घेतला असता. इथे लगतचे दोन उतरले आहेत आणि तिसरा ठणठणीत आहे. म्हणजे त्या दोघांच्या मधले टोकाचे सील गेलेले असणार. इंजिन न उघडता एवढे कळले.

आकडे पाहून विकणारा १२०० पौंडांवर आला. पोराने रात्री पुन्हा हिशेब केला. १२०० आणि इंजिनाचे ३०००, शिवाय दर वर्षाचे पेट्रोल. त्याने गाडी सोडली. "पण सर," त्याने शेवटी लिहिले होते, "आठ हजार फेऱ्यांवरसुद्धा ती थरथरत नाही. शिवणयंत्रासारखी नुसती गुणगुणते. किल्ली परत देताना जिवावर आले."

सध्या तो दट्ट्याच्या इंजिनाची एक गाडी पाहतो आहे. तिचे दाबाचे आकडे मी मागवले आहेत.