एक दिवस, एक गल्ली!

*पुण्यात हातात जेमतेम पाच तास आणि खरेदीची यादी मात्र हातभर! मग जायचं कुठे? मॉलला फाटा द्या आणि थेट बुधवार पेठेत शिरा. पण अख्ख्या पेठेत नको हं, एकाच गल्लीत.*

"शनिवारी पुण्याला चाललीयस ना? मग माझं एवढं आणशील?" कॅन्टीनमध्ये हे वाक्य कानावर पडलं की समजायचं, यादी सुरू झाली! आईला पितळेचं पातेलं हवंय, ताईला तुळशीबागेतली कानातली. धाकट्या भावाला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कसलेसे सेन्सर पाहिजेत. शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राला बाकरवडी. आणि तुम्हाला स्वतःला? एखादं छानसं पुस्तक, जमलंच तर.

आता हिशेब मांडा. सकाळी इंद्रायणीने किंवा शिवनेरीने पुण्यात उतरायचं आणि संध्याकाळी परतीची गाडी पकडायची. त्यातून जेवण, ट्रॅफिक आणि एखाद्या आत्याकडचा 'नुसता चहा' वजा केला, तर उरतात पाच तास. तेवढ्यात अख्खं पुणं होत नाही, अख्खी बुधवार पेठसुद्धा होत नाही. एक गल्ली मात्र मस्त होते.

मग मॉल का नको? विमाननगरच्या फिनिक्समध्ये एसी आहे, पार्किंग आहे, ट्रायल रूम आहे. सगळं मान्य! पण तिथले ब्रँड तुमच्या शहरातही आहेत, आणि उरलेले मोबाइलवर. त्यासाठी घाट कशाला चढायचा?

सोपा नियम

एका दिवसासाठी आलेल्या गिऱ्हाइकाची खरी अडचण पैशांची नसते. अडचण अशी, की त्याला उद्या परत येता येत नाही. दुकानातल्या 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीकडे पुणेकर कानाडोळा करू शकतो, कारण तो आठवड्याने पुन्हा त्याच काउंटरवर उभा राहून वाद घालू शकतो. तुम्ही ठाण्याहून येऊन घालणार का?

म्हणून नियम एवढाच: जी वस्तू तिथल्या तिथे पारखता येते, तीच घ्या. या कसोटीवर पेठेतले तीन बाजार बघू.

आप्पा बळवंत चौक : पानं चाळा, मग पैसे द्या

पेशवाईतले सरदार आप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाचा हा चौक. कॉलेजची जनता त्याला 'एबीसी' म्हणते. शालेय पुस्तकांपासून इंजिनिअरिंग, मेडिकल आणि एमपीएससीपर्यंत सगळं इथे एकमेकांना खेटून उभं आहे. क्रमिक पुस्तकांच्या बऱ्याच दुकानांत काउंटरवर नाव सांगायचं आणि आतून पुस्तक येतं. त्यामुळे 'ते निळ्या कव्हरचं' असं सांगून भागत नाही! लेखक, प्रकाशक आणि आवृत्ती लिहून न्या. नुसतं रेंगाळायचं असेल, कथा-कादंबऱ्या चाळायच्या असतील, तर 'रसिक साहित्य'मध्ये डोकवा.

जुनी पुस्तकंही इथे मिळतात. घेताना आवृत्तीचं वर्ष बघा आणि मधली पानं शाबूत आहेत ना, तेही बघा. पारखायला दोन मिनिटं पुरतात. तोटा एकच, पुस्तकं जड असतात. सॅक आणा, पिशवीचे बंद दगा देतात.

तापकीर गल्ली आणि पासोड्या विठोबा : पेटवून बघा

भाडेकराराचं घर नवीन आणि हॉलमध्ये अजून नुसता लोंबकळता बल्ब? मग तापकीर गल्ली तुमची! वायर, स्विच, एलईडी पट्ट्या, दिव्यांच्या माळा, सगळं ओळीने. सॉलिड गोष्ट म्हणजे बल्ब किंवा माळ इथे काउंटरवरच पेटवून बघता येते. न लाजता 'लावून दाखवा' म्हणा.

जवळच पासोड्या विठोबाचं मंदिर आहे. एकेकाळी इथे पासोड्यांचा, म्हणजे जाड्याभरड्या सुती पांघरुणांचा बाजार भरायचा, म्हणून देवाचं नाव पासोड्या! आता त्याच परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे. रेझिस्टर, आयसी, सेन्सर, मोटर असं सुटं सामान घ्यायला प्रोजेक्टवाली पोरं इथेच येतात. भावाची यादी मात्र पार्ट नंबरसकट मागवून घ्या. 'असलंच काहीतरी' घेऊन गेलात, तर ते कायमचं तुमच्याच ड्रॉवरमध्ये राहील.

तुळशीबाग : डोकं शांत ठेवा

तुळशीची बाग होती, तिथे अठराव्या शतकात नारो अप्पाजी खिरे यांनी राममंदिर उभारलं. पुढे त्यांनाच लोक तुळशीबागवाले म्हणू लागले. आज मंदिराभोवती कानातली, क्लिपा, पूजेचं सामान, भांडी आणि भातुकलीचा संसार यांचा महापूर आहे. वेळ सगळ्यात जास्त कुठे जातो? इथेच!

आपली कसोटी इथे लावा. तांब्या-पितळेची भांडी साधारण वजनावर विकली जातात, म्हणून वजन समोर करून घ्या, बूड आणि कडा हाताने चाचपा. पितळेच्या भांड्यात स्वयंपाक करायचा असेल, तर कल्हई आहे का ते विचारा. कानातली आरशात बघून घेता येतात. भातुकलीचा सेट हलका आणि भाचीसाठी हिट! कपड्यांचा मोह मात्र आवरा. स्टॉलवर ट्रायल रूम नसते आणि लहान झालेला कुर्ता बदलायला तुम्ही येणार नसता. घासाघीस स्टॉलवर चालते. 'एकच भाव' अशी पाटी असेल तिथे प्रयत्न करू नका, अपमान फुकट मिळेल!

भूक लागली तर 'श्रीकृष्ण भुवन'ची मिसळ तुळशीबागेतच आहे आणि त्यावर 'कावरे'चं आइस्क्रीम.

आणि ते 'बुधवार' म्हटल्यावरचं हसू...

पेठेचं नाव घेतलं की ग्रुपमधला एखादा डोळा मारतोच. हो, पेठेच्या काही गल्ल्यांत वेश्यावस्ती आहे. तिथल्या बायका तिथे राहतात, भाजी घेतात, मुलं वाढवतात. ते काही टुरिस्ट स्पॉट नाही. त्यामुळे मोबाइल खिशात ठेवा, फोटो नाही, कॉमेंट नाही.

आणि डोळा मारणाऱ्याला एवढं जरूर सांगा: याच पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोरच्या भिडे वाड्यात, १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. स्मारक उभारण्यासाठी तो जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. पण तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, एबीसीच्या काउंटरवर, आज मुली स्वतःच्या पैशाने पुस्तकं विकत घेतायत. पेठेची ओळख कशावरून ठरवायची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

निघण्यापूर्वी

• वार : रविवार टाळा. एबीसी आणि तापकीर गल्लीतली बरीच शटर्स त्या दिवशी खाली असतात. शनिवार बेस्ट.

• प्रवास : गाडी नकोच. पुणे स्टेशनवरून मेट्रोने सिव्हिल कोर्टला या, तिथे लाइन बदला आणि मंडईला उतरा. सप्टेंबर २०२४ मध्ये हा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून पार्किंग शोधण्यातला अर्धा तास वाचतो.

• दुपार : 'एक ते चार बंद' हा विनोद जुना झाला. चितळ्यांनीही २०१७ पासून दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. तरी एखादं छोटं दुकान वामकुक्षी घेत असेल, तर तेवढ्यात मिसळ उरका.

• यादी : मुख्य खरेदी एकाच गल्लीत. बाकरवडी जाता जाता होते. बाकीच्यांना आदल्या रात्रीच नम्रपणे सांगा, "या वेळी नाही गं, पुढच्या वेळी!"