पेटीतला अ‍ॅम्प्लिफायर आणि मंडपातला आवाज



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय शोभतात. तेथे गिटारच्या एका विटेएवढ्या पेटीविषयी बोलायला उभे राहायचे म्हणजे जरा धाडसच आहे. पण विषय दिसतो तितका परका नाही. गणेशोत्सवाचा मंडप, कॉलेजचे स्नेहसंमेलन, गावातला ऑर्केस्ट्रा, कोठेही जा, एखादा पोरगा किंवा पोरगी गळ्यात गिटार अडकवून उभी असतेच. त्यांच्या पायाशी पूर्वी कपाटाएवढा ध्वनिवर्धक असे. आता एक लहान डिजिटल पेटी असते. तिला ‘मॉडेलर’ म्हणतात. आईबापांनी पदरमोड करून घेतलेली ही पेटी घरात गोड बोलते आणि मंडपात रुसते, अशी तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की तिची चौकशी करणे मला भागच पडले.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. आमच्या शेजारच्या एका मुलाने स्नेहसंमेलनासाठी चार महिने एक तुकडा बसवला होता. घरी मी तो ऐकला होता. खरोखर छान वाजवी. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र ड्रम ऐकू आले, गाणारी मुलगी ऐकू आली आणि गिटारच्या जागी नुसती घुमघुम ऐकू आली. मधूनच कानात सुई टोचावी तसा एखादा कर्कश सूर येई, तेवढाच. तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्याच्या आईने नंतर अगदी निरागसपणे विचारले, “बाळा, तू वाजवत होतास की नुसता उभा होतास?” मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, घरी इतका सुंदर वाजत होता हो! तुम्हीच ऐकलात ना?” त्यानंतर महिनाभर त्याने पेटीला हात लावला नाही. दोष त्याच्या बोटांचा नव्हता. पेटीचाही नव्हता.

मग कोणाचा? हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. विजेच्या गिटारीत तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की वेटोळ्यात अतिशय क्षीण वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली शोधून काढलेलेच हे तत्त्व. अशी गिटार अमेरिकेत १९३२ च्या सुमारास बाजारात आली. तिचा क्षीण प्रवाह वाढवण्याचे काम जुन्या रेडिओत असत तसल्या व्हॉल्वांकडे होते. या व्हॉल्वांना झेपेल त्याहून जास्त काम दिले की ते लाटेचा माथा पूर्ण उंच उचलू शकत नाहीत. तो चेपला जातो. लाट चेपली की मूळ सुरात नसलेले वरचे उपस्वर त्यात मिसळतात. तंबोऱ्याला जवारी लावताना आपण घोडीवर सुताचा दोरा सरकवतो, तार घोडीला निसटती घासते आणि एका सुरातून स्वरांचा झोत उठतो. यंत्रे निराळी आहेत, पण कानाला मिळणारी श्रीमंती त्याच जातीची. इंजिनियर ज्याला दोष म्हणत होते त्याला वादकांनी गुण ठरवले. इंग्लंडमधल्या ‘द किंक्स’ या मंडळीतील डेव्ह डेव्हिस याने तर आपल्या लहानशा अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला आणि १९६४ साली त्या फाटक्या आवाजाची तबकडी तिकडच्या विक्रीच्या यादीत पहिली आली!

फेंडर, व्हॉक्स, मार्शल अशी या अ‍ॅम्प्लिफायरांची घराणीच पडली. पण ते जड, महाग आणि नाजूक. शिवाय मोठ्याने वाजवल्याखेरीज खुलत नाहीत. मग ही घराणी गणिताच्या सूत्रांत उतरवण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९९८ साली लाइन सिक्स या अमेरिकन कंपनीने ‘पॉड’ नावाची लाल रंगाची, मूत्रपिंडाच्या आकाराची पेटी काढली आणि ती घरोघर गेली. त्याच कंपनीने २०१८ साली काढलेला ‘एचएक्स स्टॉम्प’ हा त्या वंशातला आणखी पुढचा आणि पायाखाली मावणारा. आत काय चालते? गिटारकडून आलेल्या लाटेची उंची सेकंदाला साधारण ४८,००० वेळा मोजली जाते, त्या आकड्यांवर व्हॉल्वची आणि मंडलांची सूत्रे चालवली जातात आणि आकड्यांची परत वीज होते. या सगळ्याला सेकंदाचे काही हजारांश लागतात. काही वादक या विलंबाचा फार बाऊ करतात. ध्वनीला एक मीटर हवा कापायला सुमारे तीन हजारांश लागतात. म्हणजे हा विलंब स्पीकरपासून एक-दोन पावले मागे सरकल्याइतकाच. त्याने कोणाचा ताल चुकत असेल तर त्याने तबलजीकडे जावे, माझ्याकडे येऊ नये.

सूत्रांच्या साखळीतली शेवटची कडी मात्र नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण अर्धी फसगत तेथे आहे. गिटारचा स्पीकर, बहुधा बारा इंची, हा मोठा विलक्षण प्राणी आहे. सेकंदाला पाच हजार कंपनांच्या वरचे स्वर तो जवळजवळ गिळून टाकतो. म्हणून व्हॉल्वांतून निघालेला खरखरीत आवाज त्याच्यातून मऊ होऊन बाहेर येतो. पेटीला या स्पीकरचीही नक्कल करावी लागते. त्यासाठी खऱ्या स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवून त्याचा ठसा घेतात. रिकाम्या सभामंडपात एक टाळी वाजवावी आणि येणारा प्रतिसाद टिपून ठेवावा, तसेच हे. टिपलेला तो प्रतिसाद मग कोणत्याही सुराला लावता येतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, पेटी मंडपाच्या स्पीकरांना जोडायची असेल तर ही नक्कल चालू हवी; ती बंद राहिली तर डबीत गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज येतो. उलट पेटी खऱ्या गिटार-अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची असेल तर नक्कल बंद हवी, नाहीतर स्पीकरमागून स्पीकर असा दुहेरी गाळ होऊन आवाज गोधडीखाली जातो. त्या वेळी पेटी अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढच्या भोकात न खुपसता मागे ‘रिटर्न’ असे लिहिलेल्या भोकात द्यावी. म्हणजे त्याचा पहिला टप्पा टळतो आणि नुसती ताकद वापरली जाते. दुसरी गोष्ट मनाच्या तयारीची आहे. पेटीतून येतो तो खोलीत शेजारी ठेवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज नसतो. मायक्रोफोनने ऐकलेला, तबकडीवर ऐकू येतो तसला आवाज असतो. पोटरीला हवा लागत नाही म्हणून कुरकुर करणारे वादक पेटीकडे तिच्यात नसलेली वस्तू मागत असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमचा शेजारी मुलगा पेटीतले आवाज जुळवी तो रात्री, घरची माणसे निजल्यावर, कानाला हेडफोन लावून, हळू आवाजात. येथेच घात झाला. माणसाचा कान हा पक्षपाती पंच आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या बेल प्रयोगशाळेतील दोघा संशोधकांनी दाखवून दिले की, आवाज बारीक असताना कानाला खर्जातले स्वर फार कमी ऐकू येतात, टोकाचे तारस्वरही काहीसे कमी भासतात आणि मधले तेवढे स्पष्ट येतात. आवाज वाढला की हा भेद कमी होतो. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे आकडे पाहा. हजार कंपनांचा सूर ४० डेसिबल असेल, तर तेवढाच मोठा भासण्यासाठी शंभर कंपनांच्या सुराला सुमारे ६४ डेसिबल लागतात. पण हजार कंपनांचा सूर ८० डेसिबल केला, की खालच्याला सुमारे ९२ पुरतात. पहिला फरक चोवीसचा, दुसरा बाराचा.

याचा अर्थ असा. रात्री हळू ऐकताना मुलाला आवाज पोकळ वाटला, म्हणून त्याने बेस वाढवला. मिणमिणता वाटला, म्हणून ट्रेबल वाढवला. आणि दोन्ही उठून दिसावेत म्हणून मिडल उतरवला. रात्रीपुरते त्याचे बरोबरच होते. मंडपात तोच आवाज दसपट मोठा झाला तेव्हा कानाने आपली सूट मागे घेतली. वाढवलेला खर्ज घुमू लागला, वाढवलेला ट्रेबल टोचू लागला. मिक्सरवर बसलेल्या साउंडवाल्याने ती घुमघुम ऐकून, कोणीही केले असते तेच केले: गिटारची पट्टी खाली ओढली. आता राहिले काय? गिटारचे शब्द, म्हणजे तिचे उच्चार, मधल्या स्वरांत असतात. ते मुलाने आधीच कापले होते, उरलेले पट्टीबरोबर गेले. आईला ऐकू आले नाही ते यामुळे.

उपाय सरळ आहे, पण आळस सोडावा लागतो. कार्यक्रमासाठीचा आवाज कार्यक्रमाच्या मानानेच मोठा करून जुळवावा. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागेल, इतपत पुरे. एखाद्या दुपारी सभागृह अर्धा तास मागून घ्यावे आणि त्याच स्पीकरांवर जुळवणी करावी. जमल्यास बाकीच्या वाद्यांसह. एकट्याने ऐकताना भरघोस वाटणारा आवाज मेळ्यात बहुधा नको तेवढा लठ्ठ असतो. गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. त्याखालचा प्रदेश ढोलाचा आणि बेस गिटारचा. तेथे आपण घुसखोरी करू नये. म्हणून पेटीत ‘लो कट’ असते ती ८० ते १०० च्या दरम्यान लावावी आणि ‘हाय कट’ सहा-सात हजारांच्या आसपास. मिडल मात्र घरी बरा वाटतो त्याहून थोडा चढा ठेवावा. एकटा ऐकताना तो नाकात बोलल्यासारखा वाटेल. वाटू द्यावे.

फाट्याचे प्रमाण, ज्याला ही मंडळी ‘गेन’ म्हणतात, तेही उतरवावे. लाट जितकी चेपली जाते तितका हळू आघात आणि जोरकस आघात यांतला फरक पुसला जातो. मोठ्या आवाजात त्याचे नुसते पीठ होते. एकल वादनाच्या वेळी आवाज उठावा म्हणून पुष्कळ जण गेनच वाढवतात. तो उठत नाही, कारण माथा आधीच चेपलेला आहे. फक्त चिखल वाढतो. सूत्रांच्या साखळीत फाट्याच्या नंतर एक आवाजाची चावी ठेवून ती तीन-चार डेसिबलने चढेल अशी योजना करावी. कृत्रिम घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, निम्म्यावर आणावा. पत्र्याच्या छताचे सभागृह तो फुकट पुरवते.

जोडणीचे थोडक्यात सांगतो, कारण बरेच साउंडवाले हे वादकांहून चांगले जाणतात. मंचापासून मिक्सरपर्यंतची लांब वायर साधी असली तर वाटेतली सारी खरखर गोळा करते. तीन पिनांच्या, ‘बॅलन्स्ड’ म्हणवणाऱ्या जोडणीत एकच आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलट पाठवतात. खरखर मात्र दोन्हींत सारखीच शिरते. शेवटी वजाबाकी केली की आवाज दुप्पट होतो आणि खरखर जाते. पेटीला ही सोय नसेल तर मध्ये ‘डी.आय. बॉक्स’ घ्यावा. मिक्सरवरून माइकसाठी ४८ व्होल्ट सोडलेले असतात, ते आपल्या वायरीवर नाहीत ना, हे आधी विचारावे. कित्येक पेट्यांना ते सोसत नाहीत.

आणि घुर्र असा पन्नास-शंभर कंपनांचा आवाज आला तर? डी.आय. बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’चा खटका असतो, तो दाबावा. आमच्याकडे मात्र एक भयंकर इलाज रूढ आहे: प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची. घुर्र थांबते, हे खरे. पण गिटारच्या तारा वायरीमार्फत यंत्राच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात, आणि वादकाचे ओठ माइकला लागलेले असतात. दोहोंपैकी एकाचेही अर्थिंग तुटले आणि आत कोठे गळती असली, तर वीज वादकाच्या शरीरातून वाट काढते. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश मंडळीचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ साली स्वान्सी येथे भर मंचावर गेला तो अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून. मंचावरचे सारे प्लग एकाच, नीट अर्थिंग केलेल्या बोर्डावरून घ्यावेत, आणि पिनेला कोणी हात लावू लागला तर त्याला सरळ मंचावरून खाली उतरवावे. येथे भिडस्तपणा कामाचा नाही.

आमच्या मुलाने या वर्षी पुन्हा वाजवले. आदल्या दिवशी आम्ही दोघे सभागृहात गेलो. त्याने मंचावर वाजवायचे आणि मी तिसऱ्या रांगेत, त्याच्या आईच्या खुर्चीवर बसायचे, असे ठरले. बेस उतरवता उतरवता तो म्हणाला, “काका, हे फार पातळ वाटतंय.” मी म्हटले, “अरे, उद्या ड्रम येऊ दे.” दुसऱ्या दिवशी ड्रम आले आणि गिटारही आली. मध्येच जनरेटर एकदा अडखळला, क्षणभर दिवे मंदावले, आणि पेटी बंद पडून पुन्हा सुरू होईपर्यंत गाणाऱ्या मुलीला एक ओळ दोनदा घ्यावी लागली. पुढच्या वेळेसाठी त्याच्या वडिलांनी कॉम्प्युटरला लावतात तसली बॅटरीची पेटी कबूल केली आहे.