'शाळे'ची 'शाया' होते तेव्हा

कारंजा तालुक्यातील कामरगावी किंवा त्याच्या आसपासच्या कोणत्याही खेड्यात पहिली-दुसरीच्या वर्गात थोडा वेळ बसून पाहावे. मूल पाटीवर 'शाळा' असे लिहिते आणि वाचताना 'शाया' असे वाचते. त्याचा डोळा हा 'डोया' असतो, फळा 'फया' असतो आणि मंगळवार 'मंगयवार'. शिक्षक त्याला थांबवतात, 'ळ' पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात; मूल वर्गात तो म्हणते आणि अंगणात विसरते. प्रस्तुत लेखकानेही वर्षानुवर्षे हेच केले आहे. वह्यांवर तांबड्या शाईने 'अशुद्ध' असा शेरा मारताना आपण नेमके कशाला अशुद्ध म्हणत आहोत, हा प्रश्न मनात आला नाही, हे कबूल केले पाहिजे.

बोली म्हणजे बिघडलेली प्रमाणभाषा, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. पतंजलीने महाभाष्यात 'गौ' या एका साधुशब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश नोंदवले. शुद्ध शब्द थोडे, अपभ्रष्ट मात्र पुष्कळ, असा त्याचा रोख होता. युरोपातही एकोणिसाव्या शतकात विचाराची दिशा फारशी निराळी नव्हती. डार्विनच्या 1859 सालच्या ग्रंथाने प्रभावित होऊन ऑगुस्ट श्लायशर या जर्मन पंडिताने 1863 साली डार्विनचा सिद्धांत आणि भाषाशास्त्र यांची सांगड घालणारे एक पुस्तक लिहिले. भाषा ही सजीवासारखी वाढते, वृद्ध होते आणि मरते, असे त्याने मांडले. भाषांचा वंशवृक्ष रेखाटण्याची त्याची पद्धत आजही उपयोगी पडते. परंतु इतिहासकाळात भाषा उतरणीलाच लागतात, हे त्याचे मत डार्विनच्या विचाराशी मुळीच जुळणारे नव्हते.

डार्विनने चढणही सांगितली नाही आणि उतरणही सांगितली नाही. प्रजेत भेद निर्माण होतात, ते पुढच्या पिढीत उतरतात आणि परिस्थितीनुसार त्यांतील काही टिकतात, काही लोपतात. एवढेच त्याचे म्हणणे. या दृष्टीने पाहता पतंजलीने दोष म्हणून गोळा केलेली रूपे हीच भाषेच्या परिवर्तनाची खरी सामग्री ठरते. वैयाकरणाला जे तण वाटले, ते निसर्गशास्त्रज्ञाला बियाणे दिसले. आपली अडचण अशी की, या सिद्धांतासाठी आपण जो शब्द घडवला त्यातच 'उत्', म्हणजे वर जाणे, येऊन बसले. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने मराठीच्या जडणघडणीवर 1920 साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या फ्रेंच नावातील शब्दाचा अर्थ 'घडण' एवढाच आहे. 1941 साली वासुदेव गोपाळ परांजपे यांचा मराठी अनुवाद आला तो मात्र 'मराठी भाषेचा विकास' या नावाने. घडण आणि विकास यांत जे अंतर आहे, तेच आपल्या शाळांतील तांबड्या शाईचे मूळ आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

आता त्या 'ळ'कडे वळू. संस्कृतात शब्द 'शाला' असा आहे. दोन स्वरांमधील एकेरी 'ल' मराठीत येताना 'ळ' झाला : फल-फळ, काल-काळ, कुल-कुळ, शाला-शाळा. जेथे प्राकृतात 'ल्ल' असा जोड होता तेथे मात्र 'ल' कायम राहिला. म्हणून 'मूल'चे मूळ झाले, पण 'मूल्य'चे मुल्ल होऊन पुढे मोल झाले. एकाच धातूच्या परिवारातील दोन शब्द दोन वाटांनी गेले आणि दोन्ही वाटा नियमाला धरून होत्या. प्रमाण हिंदीने हा 'ळ' ठेवलाच नाही, गुजरातीने ठेवला. वऱ्हाडात त्याच साखळीला आणखी एक कडी जोडली गेली आणि 'ळ'चा 'य' झाला. मुलाच्या तोंडी 'शाया' येते ती जिभेच्या आळसाने येत नाही. ज्या जातीच्या नियमाने शालेची शाळा झाली, त्याच जातीच्या दुसऱ्या नियमाने ती येते. शाया अशुद्ध असेल, तर शाळाही एके काळी तितकीच अशुद्ध होती.

'काळा' आणि 'काया' एक झाले, गाळ आणि गाय एक झाले, तर गोंधळ होणार नाही का, असे कोणी विचारील. वऱ्हाडात तो होत नाही. विहिरीतला 'गाय' काढायचा आणि गोठ्यातली गाय सोडायची, हे सांगण्यास संदर्भ पुरेसा असतो. उलट काही ठिकाणी ही बोली प्रमाणभाषेहून काटेकोर आहे. 'कर' म्हणजे आत्ता कर आणि 'करजो' म्हणजे पुढे, सवडीने कर, असा आज्ञेतील भेद ती एका प्रत्ययाने दाखवते. पुण्याच्या मराठीला त्यासाठी स्वतंत्र शब्द जोडावा लागतो.

आमच्या जिल्ह्याचे नावच या साऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती वत्सगुल्म. त्याचे प्राकृतात वच्छोम झाले आणि वच्छोमचे वाशीम. 'त्स'चा 'च्छ' आणि 'च्छ'चा 'स' किंवा 'श', याच वाटेने मत्स्याचा मासा आणि वत्साचे वासरू आले. येथेच सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, तर दानाचा प्रत्यक्ष मजकूर प्राकृतात आहे. याच घराण्यातील सर्वसेनाने 'हरिविजय' हे आज लुप्त झालेले काव्य प्राकृतात रचले. व्याकरणकारांच्या लेखी जी भ्रष्ट वाणी, तिच्यात या भूमीत राजाज्ञा कोरल्या जात होत्या आणि काव्ये लिहिली जात होती. रूप तेच, पण प्रतिष्ठा कोणी द्यावी हे दरबार ठरवीत होता.

निवड कोण करतो, हाच खरा प्रश्न आहे. निसर्गात ते काम परिस्थिती करते. भाषेत समाज करतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 साली. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले ते 1853 साली. म्हणजे पंगत बसून वाढपही झाल्यावर आम्ही मांडवात आलो. पुढे शाळा, कचेरी, छापखाना आणि आकाशवाणी यांनी जे रूप उचलले ते टिकले. 'शाळा' हा उच्चार 'शाया'पेक्षा अंगभूत गुणाने सरस होता म्हणून टिकला नाही.

अर्थात प्रत्येक बदलामागे सत्ता शोधण्याचेही कारण नाही. काही बदल निव्वळ वापराच्या हिशेबाने होतात. जाणे-गेला, करणे-केला, येणे-आला, मरणे-मेला ही आडवळणी रूपे नेमकी रोजच्या क्रियापदांचीच का आहेत? लहान मूल 'करलं' म्हणून पाहते. पण 'केलं' दिवसातून शंभरदा कानावर पडते आणि मूल सुधारते. हार्वर्डच्या संशोधकांनी 2007 साली जुन्या इंग्रजीतील 177 अनियमित क्रियापदांचा माग काढला, तेव्हा त्यांतील 98 आजही अनियमित असल्याचे आढळले. शंभरपट कमी वापरले जाणारे क्रियापद दहापट वेगाने नियमित होते, असे गणितही त्यांनी मांडले. शिवाय प्राण्यांच्या शरीरात निरुपयोगी अवयव उरावेत तसे जुने प्रत्ययही उरतात. जुन्या मराठीतील कर्मणी '-इजे' केव्हाच गेला. 'पाहिजे' आणि 'म्हणजे' यांत तो अजून अडकून आहे. हे शब्द उच्चारल्यावाचून आपला दिवस जात नाही.

ही तुलना ताणू मात्र नये. माणसाला आई-बाप दोन, भाषेला मात्र शेजारी अनेक. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावी गंपर्झ आणि विल्सन यांनी केलेला अभ्यास 1971 साली प्रसिद्ध झाला. मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू तेथे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्या. शब्द आपापले राहिले, पण वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्याचे शब्दाला शब्द ठेवून दुसरीत भाषांतर व्हावे. वंशवृक्षाच्या फांद्या अशा एकमेकींत रुजत नाहीत.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. 'जे समर्थ ते जगते' या सूत्राच्या आधारे एखाद्या भाषेच्या मरणाला नैसर्गिक म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलली जाते. जगातील कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते निश्चितपणे जुळलेले नाही. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात आहेत, आणि त्यांना कोरकू, मराठी, हिंदीवाचून बाजारही करता येत नाही. निहालीच्या व्याकरणात काही उणे आहे म्हणून ती संकटात आहे, असे कोणताही भाषाशास्त्रज्ञ म्हणणार नाही. तिच्या माणसांपाशी जमीन नाही, शाळा नाही, कचेरी नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. त्या दाव्याचा मोठा आधार महाराष्ट्री प्राकृत हाच होता. ज्या 'अपभ्रष्ट' वाणीच्या वयावर आपण अभिमान मिरवतो, तिच्याच आजच्या लेकरांना वर्गात खाली मान घालायला लावतो, ही विसंगती कोणाच्या ध्यानी आलेली दिसत नाही.

लेखनाला एक रूप हवे, याबद्दल वाद नाही. कामरगावच्या मुलाचा अर्ज मुंबईत वाचला गेला पाहिजे आणि त्यासाठी त्याला 'शाळा' लिहिता आलीच पाहिजे. हल्ली मी 'अशुद्ध' हा शेरा लिहीत नाही. 'शाया'खाली रेघ ओढून शेजारी 'लिहिताना शाळा' असे लिहितो. परवा एका मुलाने वही पुढे करून विचारले, "अन् बोलताना काय म्हनू, सर?" घरी आजी म्हणते तेच म्हण, असे सांगितले. त्यावर तो म्हणाला, "मंग तुमी काहून 'शाळा' म्हंता?"