पाहुणा जातो, धूर राहतो

कोकणात घरगुती निवासाची सोय आता गावोगाव झाली आहे. पूर्वी गणपतीला किंवा मे महिन्यात मुंबईकर नातेवाईक येत आणि माजघरात अंथरुणे पडत. आता त्याच घराच्या दोन-तीन खोल्या नीटनेटक्या करून, न्हाणीघर जोडून, आपण त्या पर्यटकांना भाड्याने देतो. गुहागरला आमच्या वाडीत मी अशा दोन खोल्या चालवते. पाणी, वीज, माशांचे भाव यांवर आम्ही खोलीवाले एकमेकांशी भरपूर बोलतो. एका विषयावर मात्र बहुतेक जण गप्प असतात. तो म्हणजे खोलीत सिगारेट ओढणारा पाहुणा. त्याला कसे सांगायचे, कधी सांगायचे आणि सांगूनही त्याने ओढलीच तर काय करायचे, हे आज जरा सविस्तर सांगते.

गप्प बसण्याचे कारण उघड आहे. पैसे मोजून आलेल्या माणसाला ‘नको’ म्हणणे आपल्या जिवावर येते. तो वयाने मोठा, चांगल्या हुद्द्यावरचा असला तर जीभच रेटत नाही. शिवाय हल्ली पाहुणा जाताना संकेतस्थळावर अभिप्राय लिहून जातो, त्याची धास्ती वेगळीच. मग आपण मनाची समजूत घालतो, ‘दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, गेला की खिडक्या उघडून टाकू.’ ही समजूतच मुळात खरी नाही.

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात. दिसणारा धूर खिडकीतून जातो, पण त्यातला निकोटिन आणि डांबरासारखा चिकट अंश भिंती, पडदे, गादी, उशी, लाकडी कपाट यांच्यावर बसतो आणि पुढे कित्येक दिवस थोडा थोडा हवेत परत येत राहतो. शास्त्रज्ञ याला ‘थर्डहँड स्मोक’ म्हणतात. पहिला धूर ओढणाऱ्याचा, दुसरा शेजारी बसलेल्याचा आणि तिसरा हा वस्तूंत मुरलेला. आपण त्याला मुरलेला धूर म्हणू. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की, वस्तूंवर बसलेल्या निकोटिनचा हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग झाला की कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये तयार होतात. हे आम्ल गॅसच्या शेगडीमुळे आणि वाहनांच्या धुरामुळेही हवेत येते.

तिथल्याच सॅन दिएगो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या कामाचा आहे. धूम्रपान करणारे भाडेकरू निघून गेल्यावर घरे सरासरी दोन महिने रिकामी होती, मध्ये साफसफाईही झाली होती. तरी नव्या, न ओढणाऱ्या कुटुंबांच्या राहत्या घरात निकोटिनचा अंश सापडला. २०१३ साली त्यांनी कॅलिफोर्नियातील हॉटेले तपासली. काही खोल्यांत धूम्रपानाची मुभा असलेल्या हॉटेलांत, ‘धूम्रपानमुक्त’ म्हणून राखलेल्या खोल्याही पूर्ण बंदी असलेल्या हॉटेलांइतक्या स्वच्छ नव्हत्या. म्हणजे दोन खोल्यांपैकी एक ‘ओढणाऱ्यांची’ आणि एक ‘न ओढणाऱ्यांची’ अशी वाटणी आपल्या छोट्या घरात चालणार नाही.

या धुराचा त्रास ओढणाऱ्याला होत नाही, तो दुसऱ्याच दिवशी गावाला जातो. त्रास होतो तो पुढच्या पाहुण्याच्या रांगत्या बाळाला. ते जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. त्रास होतो तो चादरी बदलणाऱ्या बाईला. आमच्याकडे खोल्या आवरायला येणाऱ्या मावशींना दमा आहे. धुराने कोंदलेल्या खोलीतले पडदे उतरवताना त्यांना धाप लागते. ‘मला जमणार नाही’ असे त्या म्हणत नाहीत, कारण रोजाचा प्रश्न असतो. त्यामुळे माझ्या लेखी हा शिष्टाचाराचा विषय राहिलेलाच नाही.

दुसरा धोका आगीचा. आपल्या घरांना लाकडी वासे, वर माळा, माळ्यावर करवंट्या, सोडणे, जुनी रद्दी. कापसाच्या गादीवर पडलेली ठिणगी लगेच भडकत नाही; ती आतल्या आत तास न् तास धुमसते आणि माणूस गाढ झोपल्यावर खोली विषारी धुराने भरते. बाहेर फेब्रुवारीपासून गवत आणि झावळ्या वाळून कोळ झालेल्या असतात. आंबा-काजूच्या बागा वणव्यात जाण्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. खिडकीतून भिरकावलेले एक थोटूक त्याला पुरते.

आता कायद्याकडे वळू. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई करणारा आदेश दिला. पुढे २००३ साली सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांविषयीचा केंद्रीय कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम लागू झाले. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. अशा जागेच्या मालकाने दाराशी किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावायचा आणि तिथे ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचे नाहीत, असेही नियमांत आहे. धूम्रपानासाठी वेगळी जागा राखण्याची मुभा हॉटेलांपुरती बोलायची तर तीस किंवा अधिक खोल्या असलेल्यांना आहे. आपल्या दोन खोल्या म्हणजे हॉटेल की घर, यावर वकील वाद घालतील. पण जिथे चार अनोळखी कुटुंबे जेवायला बसतात ती पडवी घरगुती म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. फलक लावावा आणि खोलीतला शोभेचा ॲशट्रे आजच उचलावा. ॲशट्रे समोर दिसला की पाहुणा ती परवानगीच समजतो.

फलकापेक्षाही महत्त्वाचे आहे ते आधी सांगणे. खोली ठरवतानाच फोनवर किंवा संदेशात तीन वाक्ये स्पष्ट असावीत : ‘खोलीत, न्हाणीघरात आणि पडवीत विडी, सिगारेट, हुक्का, ई-सिगारेट चालत नाही. ओढणाऱ्यांसाठी परसात जागा केली आहे. खोलीत ओढल्यास साफसफाईचा आणि खोली बंद ठेवावी लागल्याचा खर्च अनामत रकमेतून घेतला जाईल.’ यात ‘शक्यतो’ हा शब्द घालू नका. ‘शक्यतो धूम्रपान टाळावे’ असे लिहिले की ज्याला जमत नाही त्याने ओढावी असा अर्थ निघतो. ई-सिगारेटचे नाव मुद्दाम घालावे, कारण ‘काकू, हा धूर नाही, वाफ आहे’ असे सांगणारी मुले येतात. ई-सिगारेटच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि साठ्यावर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे.

असे लिहिल्याने गिऱ्हाईक तुटेल ही भीती बाळगू नये. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, महाराष्ट्रात तर ३.८ टक्केच. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपला नियम हवाच असतो. लहान मुले घेऊन येणारी कुटुंबे ‘खोलीला वास नाही ना?’ असे आधी विचारतात.

ओढणाऱ्यालाही नुसते ‘नको’ सांगून भागत नाही. ज्याला सवय आहे तो रात्री न्हाणीघराचे दार लावून ओढणारच. म्हणून त्याला बाहेर बरी जागा द्यावी. आम्ही परसात, खिडक्यांपासून पंचवीस-तीस फुटांवर एक बाक ठेवला आहे. वर पत्र्याचे छप्पर, जवळ दिवा आणि ओल्या वाळूने भरलेला डबा. छप्पर हवेच, नाहीतर पावसाळ्यात बाकावर कोणी जाणार नाही. जागा ठरवताना वारा पाहावा. शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीत उभे राहून ओढणाऱ्याला वाटते धूर बाहेर चालला आहे, प्रत्यक्षात तो खोलीतच शिरतो. रात्री वारा उलट फिरतो. म्हणून घराला अगदी लागून कुठलीच बाजू सोयीची नाही, अंतरच हवे. वाळूच्या डब्याचा आणखी एक उपयोग म्हणजे थोटके एका जागी राहतात. सिगारेटचा फिल्टर कापसासारखा दिसला तरी तो सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे प्लॅस्टिकचाच प्रकार आहे. तो वाडीत किंवा पुळणीत वर्षानुवर्षे कुजत नाही.

एवढे करूनही रात्री दहा वाजता खोलीतून वास आलाच तर? ‘तुम्ही सिगारेट ओढताय का?’ असे विचारू नका. उत्तर ‘नाही’ असेच येते आणि मग माणूस त्या ‘नाही’ला चिकटून बसतो. त्यापेक्षा सरळ सांगावे, ‘दादा, खोलीत नको हं. मागे बाक ठेवलाय, दिवा लावून देते, तिथे निवांत बसा.’ बहुतेक जण ओशाळून उठतात. प्यायलेल्या मित्रमंडळींचा घोळका असेल तर बाईमाणसाने एकटीने दार वाजवायला जाऊ नये. आधी फोन करावा, घरातल्या किंवा शेजारच्या कोणाला तरी बरोबर घ्यावे. त्या वेळी पैशांचा विषय काढू नये, तो सकाळी काढावा.

पैशांबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, नुसत्या वासावरून कोणावर आळ घेऊ नये. शेजारच्या वाडीत पालापाचोळा जळत असतो, त्याचाही वास खोलीत येतो. राख, थोटूक, चादरीला पडलेले भोक असे काही दिसले तर पाहुणा जाण्यापूर्वीच त्याला दाखवावे आणि छायाचित्र काढून ठेवावे. दोन, मनाला येईल तो आकडा दंड म्हणून लावू नये. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली तरी तिच्या मर्यादेत, वाजवी तेवढीच भरपाई मिळते. धुलाई, गादीची खोळ, एक दिवस बंद राहिलेली खोली असा हिशेब कागदावर मांडला की समोरचाही फारसा वाद घालत नाही.

मग साफसफाई. उदबत्ती, धूप, सुगंधी फवारे यांनी वास झाकला जातो, जात नाही. पडदे, चादरी, अभ्रे, खोळी सगळे धुवायला काढावे. गाद्या-उश्या दोन्ही बाजूंनी कडक उन्हात द्याव्यात. निकोटिन अल्कधर्मी असल्यामुळे आम्लात चांगले विरघळते, म्हणून कपाट, दारे, खिडक्यांच्या काचा, पंख्याची पाती पाण्यात व्हिनेगर घालून पुसावीत. वातानुकूलन यंत्राची जाळी धुवावी. भिंतींना तैलरंग असेल तर त्या पुसता येतात, डिस्टेंपर असेल तर रंगाचा नवा हात द्यावा लागतो. हे काम करताना दारे-खिडक्या उघड्या असाव्यात, आणि दमा असलेल्या माणसाला ते सांगू नये. आमच्याकडे अशी खोली मी आणि माझा मुलगा आवरतो, मावशी दुसरी खोली घेतात.

पाहुण्याला नियम सांगताना आपल्या घरचा धूरही पाहावा. बंद खोलीत डास पळवणारी कॉइल लावून ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात. सिगारेटला बंदी आणि कॉइल मात्र पलंगाखाली, हे काही खरे नाही. खिडक्यांना बारीक जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी हा जुना उपायच बरा.

अतिथीला आपण देव मानतो, आणि ते सोडायचे कारण नाही. फक्त आज खोलीत आहे तो जसा अतिथी, तसाच परवा येणारा आणि त्याचे बाळही अतिथीच आहे. तो आज इथे नसतो, आणि मावशी असूनही बोलत नाहीत. त्या दोघांच्या वतीने बोलायला घरधन्याशिवाय दुसरे कोणी नाही. तेव्हा येत्या हंगामाआधी बाक, वाळूचा डबा आणि ती तीन वाक्ये एवढी तयारी जरूर करावी.