बर्फ नाही, पाऊस आहे... सायकल चालूच!

फिनलंडमधलं ओउलू. थंडीत पारा कधीकधी उणे वीसच्याही खाली जातो, तरी मंडळी ऑफिसला आणि पोरं शाळेला चक्क सायकलनं! 'हिवाळी सायकलिंग' या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही २०१३ मध्ये याच गावात भरली. विरारकराला हे कौतुक सांगाल, तर तो म्हणेल, 'बॉस, जुलैत आमच्याकडे येऊन दाखवा!'

आणि खरंच आहे ते. विरारची थंडी म्हणजे जानेवारीतल्या पहाटे एक स्वेटर. लोकलमध्ये शिरल्यावर तो काढायलाही हात हलत नाही. आपली कसोटी असते पावसाळ्यात, घर ते स्टेशन. शेअर रिक्षाची रांग भिजत उभी असते आणि सायकलवाला तिच्या शेजारून सुळकन निघून जातो. काय जळतात लोक!

अर्थात, ओउलूत मुख्य सायकलवाटांवरचा बर्फ सकाळच्या वर्दळीआधी हटवलेला असतो. आपल्याकडे वाट कुठली आणि खड्डा कुठला, हा शोध ज्यानं त्यानं घ्यायचा. शत्रू मात्र सारखाच: मीठ. बर्फाळ शहरांत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं चेन गंजते. आपल्याकडे अर्नाळ्याकडून येणारा खारा वारा हे काम फुकटात करतो. म्हणून रात्री घरी आल्यावर चेन फडक्यानं कोरडी करून तेलाचे चार थेंब सोडाच. मडगार्ड हवंच, नाहीतर शर्टाच्या पाठीवर चिखलाची नक्षी. रिम ओली असली की ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा आधीपासून हलका दाबत राहा. पायात रबरी सँडल, ऑफिसचे बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि एका हातात छत्री, एका हातात हँडल ही सर्कस प्लीज नको.

साचलेल्या पाण्यात मात्र शायनिंग अजिबात नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवीजवळ डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. ते तर चालत होते. रस्ता दिसत नसेल तर सायकल वळवा, लेटमार्क लागला तर लागू दे. तसंही, अशा दिवशी धडपडत स्टेशन गाठून पुढे काय? १० जुलै २०१८ ला नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढलं आणि वसई-विरार लोकल बंद पडल्या. त्यामुळे निघण्याआधी मोबाइलवर गाड्यांची खबर घ्या, मगच टायरमध्ये हवा भरा.