परक्या प्रणालीवर आज्ञावली कशी चालते?

बंगळुरूच्या कोरमंगला भागात भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे मुख्यालय आहे. लडाखमधील हानले येथील दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण हीच संस्था चालवते. दुर्बिणींनी टिपलेल्या प्रतिमांवरून ताऱ्यांची तेजस्विता मोजण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ अनेक वर्षे 'आयराफ' ही आज्ञावली वापरत आले आहेत. अमेरिकेतील टक्सन येथे १९८० च्या दशकाच्या आरंभी तिची निर्मिती सुरू झाली. त्या काळातील संगणक केव्हाच मोडीत निघाले. आयराफ मात्र आजही चालते.

कोणतीही आज्ञावली स्वतः फाईल उघडत नाही की पडद्यावर रेघ काढत नाही. त्यासाठी ती ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागणी करते, आणि या मागणीची भाषा प्रत्येक सिस्टीमची निराळी असते. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली लिनक्सवर अडते ती येथेच.

आयराफच्या कर्त्यांनी ही अडचण आधीच हेरली होती. त्यांनी मध्ये एक 'आभासी ऑपरेटिंग सिस्टीम' उभी केली. गणिते करणारा भाग फक्त तिच्याशी बोलतो. नवा संगणक आला, की तिच्या खालचा छोटा थर तेवढा नव्याने लिहायचा.

एवढी दूरदृष्टी क्वचितच आढळते. एरवी दुभाषा नंतर नेमावा लागतो. १९९३ मध्ये सुरू झालेली 'वाइन' हा असाच दुभाषा आहे. विंडोजच्या भाषेतील मागणी ती लिनक्सला समजेल अशी करून देते. प्रोसेसर एकाच जातीचा असल्याने बाकीच्या सूचना थेट चालतात, म्हणून वेग फारसा घटत नाही. मात्र विंडोजमधील चुकांवर विसंबलेल्या आज्ञावल्याही असतात. त्यांच्यासाठी चुकांचेही भाषांतर करावे लागते. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यांना हे नवीन नाही! वाइनची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडले.

प्रोसेसरच बदलला, तर प्रत्येक सूचनेचे भाषांतर करावे लागते. अॅपलने २०२० मध्ये इंटेलचे प्रोसेसर सोडण्यास सुरुवात केली, तेव्हा जुन्या आज्ञावल्यांसाठी 'रोझेटा २' ने हेच केले.

आयराफचाही मार्ग निर्वेध नव्हता. पूर्णांक आणि स्मृतीतील पत्ता एकाच आकाराचे असतात, हे तिने गृहीत धरले होते. ६४ बिटांच्या संगणकांवर ते खोटे ठरले आणि मोठी दुरुस्ती करावी लागली. मूळ संस्थेने २०१३ मध्ये तिचा विकास थांबवला. त्यानंतर स्वयंसेवकांनी ती सांभाळली. त्यामुळे दशकांपूर्वीची निरीक्षणे त्याच पद्धतीने पुन्हा तपासता येतात.